इंजिन खोलण्यापूर्वी काय ठरवावे?

व्यापाराचा हिशोब मांडताना सूत, मजुरी, वीज, गाळ्याचे भाडे, दलाली हे आकडे आपण महिन्याच्या महिन्याला धरतो. टेम्पोच्या इंजिनाचा खर्च मात्र बहुतेकांच्या वहीत कुठेच नसतो. तो येतो तेव्हा एकदम येतो, आणि बहुधा माल पाठवण्याची घाई असतानाच येतो. लग्नसराईच्या किंवा रमजानच्या तोंडावर गाडी गॅरेजला लागली की मालकाची झोप उडते. एकीकडे पार्टीचे फोन, दुसरीकडे भाड्याने घेतलेला दुसरा टेम्पो आणि तिसरीकडे मिस्त्रीचा रोजचा नवा आकडा. सोमवारी 'फक्त हेडचे काम आहे' असे सांगितलेले असते. बुधवारी त्यात पिस्टन येतात. शुक्रवारी क्रँकही गेला म्हणून कळते. तोवर इंजिनाचे भाग तीन पाट्यांत पडलेले असतात आणि 'नको, राहू द्या' म्हणण्याची सोय उरलेली नसते.

सोलापुरात चादर, टॉवेल, गणवेश यांचा धंदा करणाऱ्या लहान व्यापाऱ्यांपैकी अनेकांच्या दारात आज एखादा छोटा मालवाहू टेम्पो किंवा पिकअप असतो. अशा छोट्या गाडीचे पूर्ण इंजिन करायचे म्हटले तर पाच आकडी रक्कम लागते, आणि नव्या पद्धतीच्या पंपाची मोठी पिकअप असेल तर काम लाखाच्या घरात जाते. एवढ्या रकमेचा कपड्याचा माल कुणी नमुना न बघता, दर न ठरवता, बिलाशिवाय उचलील काय? इंजिनाच्या बाबतीत मात्र आपण नेमके हेच करतो. 'उस्ताद, बघा काय ते' एवढे बोलून किल्ली हातात देतो आणि पंधरा दिवसांनी बेइमानीची तक्रार घेऊन चहाच्या टपरीवर बसतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, फसवणूक बहुतेक वेळा 'खोलून बघावे लागेल' हे वाक्य आणि शेवटचे बिल यांच्यामधल्या न लिहिलेल्या जागेत होते. ती जागा भरली तर बेइमान मिस्त्रीला वाव राहत नाही, आणि इमानदार मिस्त्रीवर विनाकारण संशयही येत नाही. ही दुसरी गोष्ट आम्हाला तितकीच महत्त्वाची वाटते. कारण गॅरेजमध्ये काळे हात करून रोजी कमावणारी मुले मोठ्या संख्येने आपल्याच वस्त्यांतील आहेत, आणि त्यांच्यापैकी कित्येक हे पान वाचत असतील.

प्रथम इंजिन जाते कशाने ते पाहू. सोलापूरच्या हवेत आणि पाण्यात इंजिनाचे दोन शत्रू आहेत. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीसच्या पुढे जातो, आणि नळाला पाणी रोज येत नाही म्हणून ड्रायव्हर रेडिएटरमध्ये सर्रास बोअरचे पाणी ओततो. बोअरचे पाणी जड असते. घरच्या पातेल्याला आतून जसा पांढरा थर बसतो, तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनाच्या वॉटर जॅकेटमध्ये बसतो. बाहेरून पाणी भरलेले दिसते, पण आतून उष्णता बाहेर पडत नाही. त्यात यंत्रमागाच्या कारखान्यांपुढे उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या रेडिएटरवर आणि एअर फिल्टरमध्ये कापसाची बारीक धूळ साचते, ती वेगळीच. मग एखाद्या दुपारी नळदुर्गकडे भरलेला टेम्पो चढावर तापतो. ड्रायव्हर घाबरून गरम इंजिनावर थंड पाणी ओततो आणि हेड वाकते किंवा त्याला चीर जाते. काही शे रुपयांचे कूलंट वाचवून काही हजारांचे काम ओढवून घेण्याचा हा प्रकार वर्षानुवर्षे चालू आहे.

याच ठिकाणी एक गॅरेजी सल्लाही सांगून ठेवतो. इंजिन तापते म्हटले की काही मिस्त्री थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून फेकून देतात आणि 'आता तापणार नाही' म्हणतात. ते खरे नव्हे. थर्मोस्टॅटचे काम इंजिनाला योग्य तापमानावर ठेवण्याचे आहे. तो काढला की इंजिन गार गार चालते, डिझेल जास्त जाते, रिंगा आणि लायनर लवकर झिजतात, आणि मूळचा तुंबलेला रेडिएटर तसाच राहतो. ज्याने थर्मोस्टॅट काढण्याचा सल्ला दिला, त्याच्याकडे इंजिन खोलायला देण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

आता गाडी बिघडली आहे असे समजू. मालकाला मिस्त्रीचे काम यावे अशी अपेक्षा नाही. पण कापड न विणणाराही जसा हात लावून काउंट ओळखतो, तेवढी ओळख इंजिनाची करून घेता येते. सायलेन्सरचा धूर निळसर असेल तर ऑइल जळते आहे. धूर काळा असेल तर डिझेल पूर्ण जळत नाही, आणि त्याचे कारण अनेकदा तुंबलेला एअर फिल्टर किंवा खराब नोझल एवढेच असते. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर पाणी सिलिंडरमध्ये जात असावे. ऑइलची पट्टी ओढून बघावी. ऑइल चहात दूध घातल्यासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे आणि गाडी एक किलोमीटरही पुढे नेऊ नये. चालू इंजिनाचे ऑइल भरायचे झाकण उघडले आणि तिथून धुराचा भपका जोरात येऊ लागला, तर रिंगा किंवा लायनर झिजल्याची शंका घ्यावी. महिन्याला किती ऑइल वरून टाकावे लागते, याची नोंद ड्रायव्हरकडून वहीत ठेवली तर ती कुठल्याही मिस्त्रीच्या अंदाजापेक्षा जास्त बोलते.

आमच्या ओळखीच्या एका टॉवेलवाल्यांचा टेम्पो चढाला ओढेनासा झाला होता आणि काळा धूर टाकत होता. एका गॅरेजने ऐकताक्षणीच फुल इंजिन सांगितले आणि आगाऊ रक्कमही मागितली. त्यांनी गाडी तशीच दुसरीकडे दाखवली. एअर फिल्टर कापसाच्या धुळीने भरून नमद्यासारखा झाला होता आणि दोन नोझल टपकत होत्या. फिल्टर बदलला, नोझल डिझेल पंपाच्या दुकानात तपासून दुरुस्त केल्या, टॅपेट सेट केले, आणि गाडी नंतरही माल वाहत राहिली. पहिला मिस्त्री बेइमान होता की नुसता आळशी होता, हे आम्ही सांगू शकत नाही. मालकाच्या खिशाच्या दृष्टीने त्यात फारसा फरक नाही.

म्हणून इंजिन खोलण्यापूर्वी दोन तपासण्या मागाव्यात. एक कॉम्प्रेशन टेस्ट. प्रत्येक सिलिंडरचा दाब गेजवर बघून कागदावर लिहून घ्यायचा. आकडा प्रत्येक इंजिनाचा वेगळा असतो. सगळ्यांचा सारखा आणि ठीक असेल तर इंजिन खोलण्याची घाई नाही. एकाचाच फार खाली असेल तर दोष त्या एका सिलिंडरमध्ये आहे. दुसरी तपासणी याहून सोपी आणि मालकाला स्वतःच्या कानाने कळणारी आहे. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा बंद सिलिंडरमध्ये सोडायची आणि ती कुठून बाहेर येते ते ऐकायचे. ऑइलच्या झाकणातून आली तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा चीर, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि एअर फिल्टरच्या बाजूने आली तर इनलेट व्हॉल्व्ह. तासाभराचे काम आहे. याची मजुरी वेगळी द्यावी आणि खुशीने द्यावी. इथे आपल्या व्यापाऱ्यांची एक सवय आडवी येते. तपासणीचे पैसे द्यायला आपल्याला जड जाते, कारण हातात काही वस्तू येत नाही. परंतु तपासणी फुकट करणाऱ्याला आपली मजुरी दुरुस्तीतूनच काढावी लागते, आणि मग त्याला दुरुस्ती सापडतेच.

२०२० सालच्या एप्रिलपासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांत सेन्सर आणि धूर गाळणारी यंत्रणा वाढली आहे. तिथे स्कॅनर लावल्याशिवाय बोलणाऱ्याचे ऐकूच नये. स्कॅनरवर आलेल्या दोषाच्या कोडचा फोटो कामापूर्वी आणि कामानंतर असा दोनदा घ्यावा. धूर गाळणारी यंत्रणा 'काढून टाकतो, कटकट जाते' असे सांगणारे भेटतात. ते कायद्यात बसत नाही, आणि पुढे पीयूसीच्या वेळी त्याचा त्रास मालकालाच होतो.

तपासणीनंतरही इंजिन खोलणे भाग पडू शकते. अशा वेळी एक सौदा न करता दोन करावेत. पहिला सौदा फक्त खोलून, धुऊन, मोजून दाखवण्याचा. त्याची मजुरी ठरलेली. दुसरा सौदा दुरुस्तीचा, आणि तो मोजमापे समोर आल्यावरच करायचा. मालकाला दुसरा सौदा मान्य नसेल तर पहिल्याची मजुरी देऊन त्याला थांबता आले पाहिजे, आणि भाग परत जोडून देण्याची किंवा पेटीत भरून देण्याची रक्कमही आधीच बोललेली असावी. चांगला मिस्त्री याला नाही म्हणत नाही. उलट त्याचाच फायदा होतो, कारण आत काय निघेल हे त्यालाही बाहेरून ठाऊक नसते, आणि आधी सांगितलेल्या अंदाजात अडकून पडण्याची पाळी त्याच्यावर येत नाही.

मोजमापे म्हणजे काय? लायनरचा व्यास बोअर गेजने वर, मधे आणि खाली मोजतात, आडवा आणि उभा. क्रँकचे जर्नल मायक्रोमीटरने मोजतात. हेड सपाट आहे की वाकले, हे सरळ पट्टी आणि फीलर गेजने कळते. कंपनीने ठरवलेल्या झिजेच्या हद्दीत आकडा असेल तर नुसत्या रिंगा आणि बेअरिंगवर काम भागते, म्हणजे गॅरेजच्या भाषेत हाफ इंजिन. हद्दीबाहेर असेल तर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन किंवा नवे लायनर, क्रँक ग्राइंडिंग, म्हणजे फुल इंजिन. क्रँक एकदा ग्राइंड केला की तो बारीक होतो आणि त्याला त्याच मापाची बेअरिंग लागतात. पाव मिलिमीटर, अर्धा मिलिमीटर अशी ही मापे असतात. दोनदा ग्राइंड झालेला क्रँक तिसऱ्यांदा चालेल की नाही हे मापच सांगते. यासाठी माप कागदावर लिहिलेले हवे, आणि लेथवाल्याचे बिल मिस्त्रीच्या बिलात न मिसळता वेगळे, लेथवाल्याच्या नावाचे हवे. शक्य असेल त्याने हेड आणि क्रँक घेऊन मिस्त्रीबरोबर लेथवर स्वतः जावे. अर्धा दिवस जातो, पण पुष्कळ गोष्टी तिथे उघड्या होतात.

सुट्या भागांचा विषय थोडा नाजूक आहे. पार्टच्या दुकानातून मिस्त्रीला कमिशन मिळते हे बाजारात सर्वांना ठाऊक आहे. आमच्याही धंद्यात दलाली असते, त्यामुळे कमिशन या शब्दाने आम्ही दचकत नाही. दलाली दोन्ही बाजूंना माहीत असेल तर तो व्यवहार आहे. लपवलेली असेल आणि तिच्यामुळे लोकल पार्ट कंपनीच्या भावाने गळ्यात पडत असेल तर ती फसवणूक आहे. मालकाने यादी मिस्त्रीकडून घ्यावी आणि पैसे स्वतः दुकानात भरावेत. कंपनीचा, कंपनीला पुरवठा करणाऱ्याचा आणि लोकल, असे तीन भाव विचारावेत. प्रत्येक जागी सर्वांत महाग पार्टच हवा असे नाही. पण पिस्टन, रिंग, बेअरिंग, हेड गॅस्केट, टायमिंगचे भाग यांत लोकल नको. पाकिटावरचा पार्ट नंबर बिलावर आलेला असावा. काढलेले जुने भाग परत मागावेत, आणि हे काम सुरू होण्यापूर्वी सांगावे. काम झाल्यावर मागितले तर 'भंगारात गेले' हे उत्तर तयार असते. जुने पिस्टन समोर ठेवले की बदलले की नाही हा वादच राहत नाही. भंगाराचे पैसे मिस्त्रीच्या पोरांना द्यायचे असतील तर बघून झाल्यावर द्यावेत.

बिलाशिवाय माल स्वस्त पडतो या समजुतीबद्दल थोडा हिशोब करू. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. समजा भागांची मूळ किंमत ४०,००० रुपये. बिलाने घेतले तर कर धरून ४७,२०० होतात. बिलाशिवाय ४०,००० मध्ये मिळाले तर ७,२०० वाचल्यासारखे वाटते. परंतु ज्याची नेहमीच्या पद्धतीने जीएसटी नोंदणी आहे आणि टेम्पो धंद्याच्या मालवाहतुकीसाठी आहे, त्याला हे ७,२०० क्रेडिट म्हणून परत धरता येतात. प्रवासी मोटारीला जी बंदी आहे ती मालवाहू गाडीला नाही. म्हणजे खर्च ४०,००० च झाला, वर आयकराच्या हिशोबात पक्का खर्च दाखवता आला आणि पार्ट खराब निघाला तर दुकानदाराला धरता आले. बिलावर आपला जीएसटी नंबर टाकलेला हवा आणि दुकानदाराने रिटर्न भरलेले हवे, एवढेच. कंपोझिशनमध्ये असणाऱ्याला किंवा नोंदणी नसणाऱ्याला क्रेडिट मिळत नाही. त्याच्यासाठी बिलाचे मोल दाव्याच्या वेळी कळते, ते पुढे सांगू.

मजुरीत फार घासाघीस करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. चार दिवस इंजिनाखाली झोपून काम करणाऱ्याची मजुरी निम्म्यावर आणली की तो माणूस उरलेली निम्मी दुसरीकडून काढतो, कधी पार्टमधून, कधी न केलेल्या कामातून. आपल्याकडे कांडीवाल्या बाईचे आणि हेल्परचे दर सर्वांना माहीत असतात. तसे मिस्त्रीचे दर चार गॅरेजांत विचारून कळून घ्यावेत आणि मधला दर सरळ द्यावा. दर विचारताना तिथे आयटीआयचे मोटर मेकॅनिक किंवा डिझेल मेकॅनिकचे शिक्षण घेतलेले कुणी आहे का, तेही बघावे. सर्टिफिकेट म्हणजे इमानदारी नव्हे, पण मायक्रोमीटर वाचता येणारा माणूस गॅरेजमध्ये आहे एवढे तरी त्यावरून कळते.

या सगळ्यात शरीअतची बाजू काय आहे, हे आपल्या वाचकांना सांगणे आवश्यक वाटते. मजुरीने काम करून घेण्याच्या कराराला फिकहमध्ये इजारा म्हणतात. इजारा दुरुस्त होण्यासाठी काम आणि मोबदला दोन्ही माहीत असावे लागतात. मोबदला अज्ञात ठेवला तर करार फासिद होतो, असे हनफी फिकहच्या ग्रंथांत आहे. 'खोला, बघा, मग हिशोब करू' हा आपला नेहमीचा रिवाज नेमका या दोषात सापडतो. वर सांगितलेल्या दोन सौद्यांनी तो दोष निघून जातो. उधारीचे व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद पवित्र कुरआनात सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीत आहे, आणि ती कुरआनातील सर्वांत मोठी आयत आहे. तरीही मिस्त्री ओळखीचा आहे, मोहल्ल्यातला आहे, लिहिले तर त्याला वाईट वाटेल, असे म्हणून आपण कागद टाळतो.

मिस्त्रीच्या ताब्यातील गाडी खराब झाली किंवा भाग हरवला तर भरपाई कुणाची? अनेकांचे काम घेणाऱ्या कारागिराला फिकहमध्ये अजीर-ए-मुश्तरक म्हणतात. शिंपी, रंगारी, धोबी त्यातच येतात आणि गॅरेजवालाही त्यातच येईल. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते त्याच्या ताब्यातील वस्तू अमानत आहे, त्याची चूक नसताना ती नष्ट झाली तर भरपाई नाही. त्यांचेच शिष्य इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद (रह.) यांच्या मते, टाळता न येण्यासारखी आपत्ती नसेल तर भरपाई कारागिराची. त्याच्या हाताने झालेले नुकसान मात्र वेगळे धरले जाते. प्रत्यक्ष वादात आपल्या उलमांना विचारावे. आम्ही येथे फक्त इतकेच दाखवीत आहोत की हा प्रश्न नवा नाही, आणि कारागिराची जबाबदारी आपल्या बुजुर्गांनी बारकाईने विचारात घेतली होती.

इमाम अबू हनीफा (रह.) स्वतः कूफा शहरात कापडाचा व्यापार करीत. चरित्रकार सांगतात की एका कापडात दोष होता आणि तो गिऱ्हाइकाला दाखवूनच विकावा असे त्यांनी भागीदाराला सांगितले होते. भागीदार सांगायला विसरला. गिऱ्हाईक कोण हेही कळेना, तेव्हा इमामसाहेबांनी आलेली सगळी किंमत दान करून टाकली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला असता आतून ओल लागली, तेव्हा भिजलेले धान्य वर का ठेवले नाही असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नसल्याचे सुनावले, ही हदीस तर सर्वांच्या परिचयाची आहे. लोकल बेअरिंग कंपनीच्या पाकिटात घालून देणे आणि ओले धान्य खाली दडवणे यांत काय फरक आहे, हे गॅरेजवाल्या बांधवांनीच ठरवावे.

देशाच्या कायद्यातील दोन-तीन गोष्टी माहीत असाव्यात. बिलावरून भांडण झाले की मालक किल्ली हिसकावून गाडी काढायला बघतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील कलम १७० प्रमाणे, दिलेल्या वस्तूवर कारागिराने मेहनत किंवा कसब खर्च केले असेल तर त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवण्याचा त्याला हक्क आहे. या कलमाखाली कायद्याने दिलेल्या उदाहरणांपैकी एक आपल्याच धंद्याचे आहे. शिंप्याला कोटासाठी कापड दिले तर शिलाई मिळेपर्यंत तो कोट ठेवून घेऊ शकतो. पण कोट तयार होताच देईन आणि शिलाईसाठी तीन महिने थांबेन असे त्याने कबूल केले असेल, तर अडवू शकत नाही. गॅरेजलाही हेच लागू होते. हा हक्क त्या कामापुरता आहे. तसा करार नसेल तर मागच्या वर्षीच्या बाकीसाठी आजची गाडी अडवता येत नाही. कलम १५१ प्रमाणे, ताब्यातील गाडीची सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी घेणे गॅरेजवाल्याला बंधनकारक आहे.

दुसरी गोष्ट इंजिन नंबरची. ब्लॉक फुटला म्हणून दुसऱ्या गाडीचा जुना ब्लॉक बसवून देण्याचे प्रकार होतात. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो आणि तोच आरसीवर असतो. ब्लॉक बदलला तर आरटीओकडे नोंद करून घ्यावी लागते आणि त्या ब्लॉकचे बिल लागते. ते नसेल तर चोरीच्या मालाचा संशय मालकावर येतो, विम्याचा दावाही अडकू शकतो. विम्याचा विषय निघाला म्हणून सांगतो, साध्या मोटार विम्यात इंजिनाची झीज किंवा यांत्रिक बिघाड धरलेला नसतो. 'विमा आहे ना' या भरवशावर राहू नये.

काम झाल्यावर गाडी ताब्यात घेताना हेड किती किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे, पहिले ऑइल केव्हा बदलायचे, पहिले हजार-दीड हजार किलोमीटर किती वजन भरायचे, हे मिस्त्रीकडून लिहून घ्यावे आणि ड्रायव्हरला वाचून दाखवावे. गॅरंटीची बहुतेक भांडणे येथेच होतात. मिस्त्री म्हणतो ओव्हरलोड केले, मालक म्हणतो काम कच्चे होते, आणि दोघांकडेही पुरावा नसतो. किलोमीटरचा आकडा आणि तारीख टाकून गॅरंटी बिलावर लिहून घ्यावी. पहिल्या महिन्यात वजनाच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

एवढे करूनही फसवणूक झालीच तर दाद कुठे मागायची, ते गाडी कोण चालवतो यावर अवलंबून आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. व्यापारी हेतूने घेतलेली सेवा त्यात बसत नाही, पण स्वतःच्या रोजगारातून उदरनिर्वाहासाठी घेतलेली सेवा बसते. १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पी.एस.जी. इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वतः रिक्षा चालवणारा, स्वतः ट्रक चालवणारा, स्वतः लेथ चालवणारा हे ग्राहक ठरतात असे उदाहरणांसह स्पष्ट केले. तो खटला जुन्या कायद्याखालचा आणि वस्तूच्या खरेदीचा होता, पण तत्त्व आजही तेच धरले जाते. म्हणजे स्वतःचा टेम्पो स्वतः चालवून घर चालवणाऱ्या भावाला सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघावी. पगारी ड्रायव्हर ठेवून पेढीचा माल वाहणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र ग्राहक आयोगात अडचण येते. त्याचा रस्ता दिवाणी न्यायालयाचा, आणि करारभंगाच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची. दोन्ही ठिकाणी पहिला प्रश्न एकच विचारला जातो, कागद काय आहे? तपासणीचे आकडे, मोजमापे, पार्टची बिले, लेथचे बिल, जुन्या भागांचे फोटो आणि गॅरंटीची ओळ, हे सर्व एका फाइलमध्ये टेम्पोच्या आरसीबरोबर दुकानात ठेवावे. गाडीत ठेवू नये. गाडी गॅरेजमध्ये असताना फाइलही तिथेच अडकून पडते.